बिंदुनामावली फाईलमध्ये, झाडू वारसाहक्काने

काही वर्षांपूर्वी आम्हा आस्थापना विभागातल्या लोकांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय होता 'स्थानिक स्वराज्य संस्थांमधील मनुष्यबळ व्यवस्थापनापुढील आव्हाने'. व्याख्याते बाहेरून आलेले, खाजगी कंपन्यांच्या एच.आर.मध्ये उभं आयुष्य काढलेले. पडद्यावर एकेक आव्हान येत होतं. रिक्त पदं. निवृत्तीला टेकलेला कर्मचारीवर्ग. निधीची चणचण. कौशल्याचा अभाव. कोर्टकचेऱ्या. राजकीय दबाव. शेवटचं आव्हान होतं गैरहजेरी. त्या स्लाइडवर झाडाखाली झाडू उशाला घेऊन झोपलेल्या माणसाचं व्यंगचित्र होतं. सभागृहात हशा पिकला.

माझे वडील एकतीस वर्षं झाडू मारून आमच्याच महापालिकेतून निवृत्त झाले. मी मागच्या रांगेतून उठून विचारलं, "सर, या यादीत जात कुठेच नाही?" ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "एच.आर.मध्ये आम्ही जात बघत नाही." चहाच्या वेळेला आमचे अधीक्षक जवळ येऊन हळूच म्हणाले, "कशाला विषय काढायचा? तुला तर मिळालीय ना नोकरी."

एक साहेब म्हणतात आम्ही जात बघत नाही. दुसरे म्हणतात तुझी जात बघूनच तुला घेतलंय, आता गप्प बस. अकरा वर्षं मी आस्थापनेच्या टेबलावर बसतोय आणि माझा अनुभव असा आहे की आमचं खातं दिवसभर जातच बघत असतं. खुर्ची-टेबलाच्या जागा भरायच्या असल्या की ती बिंदुनामावलीच्या फाईलमध्ये अडकवून ठेवली जाते. झाडू आणि गटाराच्या जागा भरायच्या असल्या की तीच जात कुठल्याही फाईलशिवाय, कुठल्याही परीक्षेशिवाय बरोबर पोहोचते. आणि या दोहोंवर उपाय म्हणून आता कंत्राट आलंय, ज्याने माणसालाच आस्थापनेच्या रजिस्टरमधून उचलून निविदेच्या कागदात टाकलंय. स्थानिक सरकारांपुढचं मनुष्यबळाचं सगळ्यात मोठं आव्हान हे आहे. बाकीची सहा-सात आव्हानं याच्या पोटातून निघतात.

आधी आस्थापना अधिकाऱ्यांची बाजू मांडतो, कारण ती खोटी नाही. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली, कामांची लांबलचक यादी मिळाली. ती कामं करायला माणसं किती ठेवायची, हे ठरवायचा अधिकार मात्र राज्याकडेच राहिला. आमच्याकडे पदांचा आकृतिबंध मंत्रालयातून मंजूर होऊन येतो. आयुक्त, मुख्य कार्यकारी अधिकारी राज्याच्या किंवा केंद्राच्या सेवेतून येतात, दोन-तीन वर्षांत बदलून जातात. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या पुढे गेला की भरतीचा प्रस्ताव परत येतो. शहर वाढतं, वस्ती वाढते, मंजूर पदं मात्र जुन्या लोकसंख्येवर अडकलेली. अशा कात्रीत बसलेल्या अधिकाऱ्याला मी खलनायक म्हणणार नाही. पण कात्री कुणाच्या अंगावर चालवायची, हे तोच ठरवतो. ती दरवेळी एकाच बाजूला का चालते, याचं उत्तर त्याने दिलं पाहिजे.

बिंदुनामावली घ्या. ज्यांनी हे रजिस्टर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक संवर्गातल्या पदांना क्रमाने बिंदू दिलेले असतात आणि कुठला बिंदू कुठल्या प्रवर्गाचा हे ठरलेलं असतं. १९९५ च्या सबरवाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हिशोब रिक्त जागांचा नाही, पदांचा करायचा. म्हणजे अनुसूचित जातीच्या बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला की ती जागा पुन्हा त्याच प्रवर्गाची. सोपं गणित आहे. चौथी शिकलेल्या मुलाला चौकटी आखून दिल्या तर तो भरून दाखवेल. तरीही वर्षानुवर्षं ऐकू येतं, "बिंदुनामावली अद्ययावत नाही." ती अद्ययावत करून विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरात काढता येत नाही. म्हणून जाहिरात निघत नाही. मग बाहेर सांगितलं जातं, "आरक्षणाच्या भानगडीमुळे भरती रखडली." रजिस्टर कुणी लिहायचं होतं? आमच्याच विभागाने. न लिहिणाऱ्याला काय झालं? काहीही नाही. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या नेमणूक अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. मी माझ्या नोकरीत ती एकदाही वापरलेली पाहिली नाही.

या दिरंगाईची किंमत कोण मोजतं? महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांनी २०१९ च्या मार्चमध्ये हजारो जागांची जाहिरात काढली. पोरांनी फी भरली, क्लास लावले. बहुतेक पदांची परीक्षा झालीच नाही. अखेर २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्याने १९,४६० पदांची जाहिरात आली, नव्या फीसह. राखीव प्रवर्गाला ९०० रुपये. या चार वर्षांत सवर्ण घरातल्या मुलाने दुसरी वाट धरली असेल, मामाच्या ओळखीने, बापाच्या पैशाने, शहरातल्या फ्लॅटच्या आधाराने. आपल्या वस्तीतला मुलगा चार वर्षं अभ्यासिकेत बसून राहिला, वयोमर्यादेचे महिने बोटांवर मोजत. रिक्त पद हे साहेबांच्या स्लाइडवर एक टक्केवारी असतं. आमच्या गल्लीत ते एका मोडलेल्या लग्नाचं, एका सुटलेल्या शिक्षणाचं नाव असतं.

जे आत शिरले त्यांचंही ऐका. पदोन्नतीतलं ३३ टक्के आरक्षण देणारा २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान ७ मे २०२१ रोजी राज्य सरकारने पदोन्नतीच्या सगळ्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचा आदेश काढला. प्रतिनिधित्वाची आकडेवारी नाही, मागासलेपणाचा तपशील नाही, म्हणून आरक्षण टिकत नाही, असं न्यायालयं म्हणतात. ही आकडेवारी कुणाकडे असते? प्रत्येक कार्यालयाच्या आस्थापना विभागाकडे. कुठल्या संवर्गात कुठल्या प्रवर्गाची किती माणसं, हे सांगायला आमच्या विभागाला एक दुपार पुरेशी आहे. ती दुपार आम्हाला सापडत नाही. "एच.आर. जात बघत नाही" या वाक्याचा व्यवहारातला अर्थ हा आहे : मोजायची वेळ आली की जात दिसत नाही.

आता दुसऱ्या रजिस्टरकडे वळू.

केंद्र सरकारच्या नमस्ते योजनेखाली शहरांतल्या गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी झाली. २०२४ मध्ये समोर आलेल्या आकड्यांनुसार नोंद झालेल्या सुमारे ३८,००० कामगारांपैकी ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे, १४.७ टक्के ओबीसी, ८.३ टक्के आदिवासी. बाकी उरले जेमतेम आठ टक्के. या पदांसाठी बिंदुनामावली नव्हती. अनुशेष राहिला नाही. जात पडताळणी समितीपुढे कुणी खेटे घातले नाहीत. कुणी कोर्टात जाऊन म्हटलं नाही की इथे आरक्षणाने पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडलीय, आमच्या गुणवत्तेवर अन्याय होतोय. देशात सगळ्यात काटेकोरपणे राबवलेलं आरक्षण पाहायचं असेल तर मॅनहोलमध्ये बघा.

कुणी म्हणेल, उपाय सोपा आहे, सगळ्यांना खुली भरती करा. राजस्थानने केली. २०१८ मध्ये तिथल्या शहरांत सफाई कामगारांच्या एकवीस हजारांहून जास्त जागा निघाल्या. खुल्या आणि ओबीसी प्रवर्गातल्या उमेदवारांचीही निवड झाली. वाचून वाटेल, जातीची भिंत पडली. प्रत्यक्षात काय झालं हे वाल्मिकी समाजाच्या संघटना तेव्हापासून ओरडून सांगताहेत. वरच्या जातींतून लागलेले कित्येक 'सफाई कामगार' रस्त्यावर दिसलेच नाहीत. कुणी कार्यालयात, कुणी साहेबांच्या बंगल्यावर, कुणी टपालाच्या टेबलावर. पगार झाडूचा, काम पंख्याखालचं. आणि त्यांच्या वाटचा रस्ता कोण झाडणार? जे आधीपासून झाडत होते तेच, आता दुप्पट. म्हणून पुढच्या भरतीच्या वेळी वाल्मिकी समाज प्राधान्याची मागणी घेऊन रस्त्यावर आला. हे काम आमच्याच माथी का, असं विचारायचा ज्यांना हक्क होता, त्यांना हे काम आमच्याकडेच राहू द्या म्हणावं लागलं. इतकी कोंडी कुणी केली असेल तर ती आस्थापनेच्या तोंडी आदेशांनी. हे तोंडी आदेश फक्त राजस्थानात निघतात असं समजू नका. मूळ पद एक आणि प्रत्यक्ष काम दुसरं, अशी माणसं कुठल्याही नगरपालिकेत मोजा. वर सरकलेल्यांची आडनावं वाचा. मला अधिक सांगावं लागणार नाही.

महाराष्ट्रात याचं वेगळं रूप आहे. लाड समिती आणि पागे समितीच्या शिफारशींवरून इथे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने या तरतुदी पुन्हा एकत्र मांडल्या आणि मग त्यावर औरंगाबाद खंडपीठात वाद सुरू झाला. ही तरतूद जावी असं मी म्हणणार नाही. वडिलांच्या कायम नोकरीने आमच्या घराला छप्पर दिलं, आईला दवाखाना दिला, मला पुस्तकं दिली. ज्या समाजाला बँक दारात उभं करत नाही त्याच्यासाठी ही नोकरी हीच काय ती वडिलोपार्जित जमीन. ज्यांच्याकडे खरी वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनी आम्हाला वारसाहक्काच्या अनिष्टतेवर व्याख्यान देऊ नये.

पण या तरतुदीचा व्यवहार कसा चालतो तेही सांगतो. वडील निवृत्त झाले तेव्हा मी लिपिक म्हणून लागलो होतो, जाहिरातीतून, अनुसूचित जातीच्या बिंदूवर. धाकटा भाऊ बी.कॉम. झालेला. टॅली येत होतं, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. त्याने वारस म्हणून अर्ज केला. टिपणी माझ्याच टेबलावरून वर गेली. नमुन्यात शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता, मी त्यात बी.कॉम. लिहिलं. पदाच्या रकान्यात आधीच छापलेलं होतं : सफाई कामगार. लेखा विभागात तेव्हा जागा रिकाम्या होत्या, ते मला पाठ होतं, कारण रिक्त पदांचा तक्ता दर महिन्याला मीच करायचो. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "वारसाला वडिलांचंच पद. नियम आहे." मी टिपणीवर आद्याक्षरी केली. आज दहा वर्षं भाऊ पहाटे साडेपाचला हजेरी लावतो. कौशल्याचा अभाव असं जेव्हा पडद्यावर येतं तेव्हा मला तो रकाना आठवतो. आमच्या महापालिकेत कौशल्याचा अभाव नाही. कौशल्य झाडूच्या दांड्याला बांधून ठेवलंय.

आणि आता तेही कायमपद उरलेलं नाही.

३५ टक्क्यांची गोष्ट वर सांगितली. या मर्यादेतून वाट काढायला आमच्या क्षेत्रातल्या हुशार लोकांनी एक युक्ती शोधली. माणूस कायम असेल तर त्याचा पगार आस्थापना खर्चात पडतो. तोच माणूस, तोच रस्ता, तोच झाडू, पण ठेकेदारामार्फत आणला की त्याचा पैसा कामाच्या बिलात पडतो, डांबर आणि पाईपांच्या शेजारी. ताळेबंद सुंदर दिसतो. आस्थापना खर्च घटला म्हणून आयुक्तांचं कौतुक होतं. माणूस मात्र एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जाताना बरंच काही गमावतो. रजा, भविष्यनिर्वाह निधीची खात्री, दवाखाना, निवृत्तिवेतन, बढती. आणि समाज म्हणून आपण गमावतो ते आरक्षण, कारण निविदेला बिंदुनामावली नसते.

घटनेचं १६ वं कलम कुणी रद्द केलं नाही. संसदेत चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही. पद 'सेवा' झालं, नेमणूक 'पुरवठा' झाला, एवढंच. महाराष्ट्रात ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय आठवा. नऊ खाजगी संस्था नेमून शिपायापासून अभियंत्यापर्यंतची पदं बाह्यस्रोताने भरायची सोय त्यात होती. राज्यभरातले तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा महिना-दीड महिन्यात तो मागे घ्यावा लागला. पण लक्षात घ्या, जो राग लिपिक आणि अभियंत्याच्या कंत्राटीकरणावर आला, तो सफाईच्या कंत्राटीकरणावर त्याआधीची दोन-तीन दशकं आला नव्हता. पहिलं कंत्राट आमच्या वस्तीत शिरलं तेव्हा बाकीचे खिडक्या लावून बसले होते.

मुंबईत काय झालं ते पाहा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा औद्योगिक न्यायाधिकरणात नेला. कामगार मराठी, तमिळ, तेलुगू बोलणारे, बहुतेक दलित. संघटनेचं म्हणणं होतं की १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचा वीस कामगारांचा उंबरठा चुकवायला पालिका मुद्दाम छोटे छोटे ठेके देते. वस्त्यांमधल्या सफाईवाल्यांना तर 'स्वयंसेवक' म्हटलं जायचं आणि मजुरीला 'मानधन'. जणू लोक हौसेने दुसऱ्याचा मैला उचलायला येतात. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला, पालिका वर गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम करण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतरही कित्येकांचं काम अडलं, कारण यादीत नावाचं स्पेलिंग वेगळं. यादी ठेकेदाराच्या कारकुनाने केलेली, नाव तमिळ, लिहिणाऱ्याला ते ऐकायची गरज वाटली नाही. आडनावावरून जात ओळखायला आमच्या व्यवस्थेला अर्धा क्षण लागतो, आणि त्याच माणसाचं नाव नीट लिहायला वर्षं.

चेन्नईत ऑगस्ट २०२५ मध्ये दोन झोनची सफाई खाजगी कंपनीकडे देण्याविरुद्ध कामगार, त्यात बहुसंख्य दलित बाया, पालिकेच्या रिपन बिल्डिंगबाहेर तेरा दिवस बसले. सामाजिक न्यायाचा वारसा सांगणाऱ्या राज्यात मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उचललं. बंगळूरूचं उदाहरण वेगळं आहे आणि ते मुद्दाम सांगायला हवं. तिथल्या पौरकार्मिकांनी जुलै २०२२ मध्ये काम बंद ठेवलं, शहर चार दिवसांत नाकावर रुमाल धरून बसलं, आणि सरकारला कायम करण्याचं मान्य करावं लागलं. १ मे २०२५ रोजी बारा हजारांहून जास्त कामगारांच्या हातात कायम नेमणुकीची पत्रं पडली. पैसा नाही, पदं नाहीत, नियम नाहीत असं सांगणाऱ्या प्रत्येक आस्थापना अधिकाऱ्याने ही तारीख भिंतीवर लावावी.

इथे नेहमी २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल पुढे केली जाते. मागच्या दाराने आलेल्यांना कायम करता येत नाही, तसं केलं तर समान संधीचा भंग होतो. ठीक. पण मागचं दार कुणी उघडलं? पुढच्या दाराला कुलूप कुणी घातलं? दहा-पंधरा वर्षं रोज हजेरी लावणाऱ्या बाईला समान संधीच्या नावाने हाकलायचं, आणि तिच्या जागी पुन्हा ठेकेदाराचीच दुसरी बाई आणायची, यात समानता कुणाला मिळाली? ठेकेदाराला. पुढचं संकट तर दारात आहे. नव्या श्रमसंहितांपैकी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मुख्य कामात कंत्राटी कामगार ठेवायला मनाई आहे, पण मुख्य कामाच्या व्याख्येतून सफाईचं काम वगळलंय, ती आस्थापना त्याच कामासाठी उभारलेली नसेल तर. उद्या एखादी महापालिका कोर्टात उभी राहून म्हणेल की आम्ही काय सफाईसाठी उभारलेलो नाही. तेव्हा आपल्या वकिलांनी तयार असावं.

कंत्राटाचा हा हिशोब शेवटी कुठे जातो? गटारात. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसं मेली, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा. २०१३ चा कायदा आहे, त्यात धोकादायक सफाईला बंदी आहे, शिक्षा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. २०२२ आणि २०२३ मधल्या मृत्यूंपैकी ५४ चं सामाजिक लेखापरीक्षण झालं, ते २०२५ मध्ये लोकसभेत ठेवलं गेलं. त्यातले ४९ जण कुठल्याही सुरक्षासाधनाविना उतरले होते. आणि मनुष्यबळवाल्यांनी नीट वाचावा असा आकडा पुढे आहे : ५४ पैकी ३८ माणसं वैयक्तिक बोलीवर, सुट्टीसुट्टी आणलेली होती. सरकारी पगारपत्रकावर फक्त पाच. म्हणजे मेलेल्यांतले बहुतेक कुणाचेच कर्मचारी नव्हते. त्यांची सेवापुस्तिका नव्हती, म्हणून त्यांच्या मृत्यूची जबाबदारीही कुणाच्या टेबलावर नव्हती. आस्थापना खर्च वाचवण्याचा हा शेवटचा टप्पा आहे.

आता त्या व्यंगचित्राकडे परत येतो. गैरहजेरीवर उपाय म्हणून नागपूर, चंडीगड, पंचकुला अशा शहरांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. बाई किती चालली, कुठे थांबली, सावलीत किती मिनिटं बसली, हे पडद्यावर ठिपक्यासारखं दिसतं. लघवीला कुठे जायचं याची सोय मात्र त्या रस्त्यावर नसते. अभियंता साइटवर गेला का, आरोग्य अधिकाऱ्याने गटाराचं झाकण उघडून बघितलं का, आस्थापना लिपिकाने बिंदुनामावली लिहिली का, हे मोजणारं घड्याळ अजून बाजारात आलेलं नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही त्याच्यावर पाळत ठेवतात. कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हे आपल्याकडे जन्मानेच ठरतं. माझ्या वडिलांच्या रजेच्या अर्जांची चळत मी नंतर काढून वाचली. खोकला, ताप, पायाला खिळा, खोकला, त्वचेचा रोग, खोकला. त्यावर साहेबांचा शेरा : सवयीचा गैरहजर.

पैसा कुठून आणायचा, असं विचाराल. ठेकेदाराचा नफा, त्याच्यावरचा कर, निविदेमागची टक्केवारी, हे सगळं आजही महापालिकाच भरते. गुणवत्तेचं काय, असं विचाराल. बी.कॉम. झालेल्या माणसाला दहा वर्षं झाडू मारायला लावणाऱ्या व्यवस्थेने गुणवत्ता हा शब्द काढू नये.

मागण्या काही नव्या नाहीत, पण आस्थापनेच्या भाषेत मांडतो, म्हणजे कुणाला समजलं नाही असं व्हायला नको. प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेने दरवर्षी संवर्गनिहाय आणि प्रवर्गनिहाय तक्ता सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, कायम आणि कंत्राटी दोन्हींचा, आणि त्यात मूळ पद व प्रत्यक्ष काम असे दोन वेगळे रकाने असावेत. तोंडी आदेशाने दिलेलं प्रत्येक काम रद्द व्हावं. केंद्राने आपल्या खात्यांत ४५ दिवसांवरच्या तात्पुरत्या नेमणुकांना आरक्षण लागू असल्याचं मान्य केलंय, कर्नाटकने २०२४ मध्ये बाह्यस्रोताच्या पदांना आरक्षण लागू करायचा आदेश काढलाय. मग बाकीच्या राज्यांच्या निविदांत ती अट का नाही? जे काम बारा महिने तेरा काळ चालतं ते कायम माणसाकडून करून घ्यावं. सफाई कामगाराचा वारस शिकलेला असेल तर त्याची नोकरी त्याला मिळावी आणि झाडू सुटावा. सेवेत असताना स्वच्छता निरीक्षकाची पदविका करायला पगारी रजा मिळावी, म्हणजे मुकादमाच्या पुढे जायची वाट उघडेल. आणि बिंदुनामावली न लिहिणाऱ्या अधिकाऱ्यावर एकदा तरी, नमुन्यादाखल का होईना, कायद्यातली शिक्षा लागावी.

१९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. ज्यांना शहर माणसात धरत नव्हतं त्यांना त्यांनी कामगार म्हटलं, सभासदत्वाची पावती दिली, मालकासमोर बसायला शिकवलं. आज नव्वद वर्षांनी तीच माणसं पुन्हा कामगार या शब्दाबाहेर ढकलली जाताहेत, स्वयंसेवक, पुरवठा, सेवा अशा नावांनी. हे ढकलण्याचे कागद ज्यांच्या हातून जातात त्यांत मीही आहे. आपल्यातले शिकलेले पुष्कळ जण आज अशाच टेबलांवर बसलेत. नोकरी मिळाली म्हणून गप्प बसायचा सल्ला आपल्याला रोज मिळतो. माझं त्यांना सांगणं एवढंच की रजिस्टर आपल्या हातात आहे तोवर ते लिहा. खरं लिहा. माहिती अधिकारात कुणी मागितलं तर पूर्ण द्या. आणि एखाद्या नमुन्यात पद आधीच छापलेलं दिसलं, तर आद्याक्षरी करण्याआधी त्यावर प्रश्न लिहून फाईल वर पाठवा.

मी तेव्हा तो प्रश्न तोंडी विचारला आणि गप्प बसलो. लिहायला हवा होता. गेल्या महिन्यात भावाच्या पदबदलाचा अर्ज पुन्हा माझ्या टेबलावर आला. यावेळी टिपणी तीन पानांची झालीय. लेखा विभागातल्या रिक्त पदांचा तक्ता सोबत जोडलाय.

जय भीम.